बारा धपाटे आणि त्यातले आपले तीन



मागच्या अंकांत आपण कर्जाची परतफेड आणि नोंदवह्या बघितल्या. ते जरा जड गेलं, असं बऱ्याच जणींनी बैठकीत सांगितलं. म्हणून या महिन्याचा पाठ चुलीपुढचा आहे, रविवारच्या न्याहारीचा. तरी वही-पेन जवळ असू द्या, हिशेब इथंही आहे.

शहरात सुट्टीच्या दिवशी लोक उशिरा उठतात आणि दहा-अकराच्या सुमाराला न्याहारी आणि जेवण एकातच उरकतात. त्याला म्हणे ब्रंच म्हणतात. माझी पुतणी पुण्याहून आली तेव्हा तिनं हा शब्द सांगितला. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग आम्ही जन्मभर ब्रंचच केला की गं." खोटं नाही ते. खुरपायला जाणारी बाई सकाळी चहावर घर सोडते आणि तिचा पहिला घास बांधावर दहाच्या पुढंच पोटात जातो.

मी रविवार म्हणते, कारण त्या दिवशी पोरांना शाळा नसते आणि घरातली सगळी माणसं एका वेळी सापडतात. तुमच्याकडं कामाला सुट्टी बाजाराच्या दिवशी असेल तर तो दिवस धरा.

आता धपाट्यांकडं येण्याआधी एक गोष्ट सांगते, ती माझ्याच फजितीची आहे.

गटांच्या बैठकीत आम्ही आहाराचं सत्र घेतो तेव्हा प्रत्येकीला विचारतो, "काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय काय खाल्लं?" त्यातून दहा प्रकार मोजायचे असतात. धान्य आणि कंद हा एक. डाळी-कडधान्यं दुसरा. शेंगदाणे-तीळ तिसरा. दूध-दही चौथा. मटण-मासे पाचवा आणि अंडी सहावा. गडद हिरवी पालेभाजी सातवा. गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा असलं केशरी-पिवळं आठवा. बाकीच्या भाज्या नववा आणि बाकीची फळं दहावा. या दहापैकी निदान पाच बाईच्या पोटात रोज जायला हवेत. मोजताना एक नियम असतो: चिमूटभर मोजायचं नाही. वरून भुरभुरलेली कोथिंबीर म्हणजे पालेभाजी नव्हे आणि चहातलं दूध म्हणजे दूध नव्हे. निदान मोठा चमचाभर तरी पोटात गेलं पाहिजे.

त्या दिवशी सोमवार होता. बायका सांगत होत्या, मी खुणा करत होते. कुणाचे तीन, कुणाचे चार. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरी, आमचं लिहितीस, तू काल काय खाल्लंस ते सांग की."

रविवारी मी धपाटे केले होते. ज्वारी, बेसन, मेथी, कांदा सगळं होतं, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. सहा प्रकार झाले असते. पण सगळ्यांना तव्यावरून गरम गरम वाढता वाढता दही संपलं, चटणीचं भांडं पुसून निघालं, आणि मी परातीला चिकटलेलं पीठ खरवडून शेवटचा एक धपाटा केला. तो उभ्यानंच चहाबरोबर खाल्ला. बेसन आणि मेथी त्यातच होती म्हणून माझे तीन-साडेतीन झाले असतील. सहा प्रकारांची न्याहारी माझ्याच हातची, आणि माझ्या ताटात निम्मी. हे सांगितल्यावर आधी सगळ्या हसल्या. मग कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकीच्या घरी तेच चाललेलं होतं.

म्हणून हा पाठ धपाट्यांचा असला तरी त्यात एक पायरी जास्तीची आहे. ती पुढं येईल, ती गाळू नका.

पीठ आणि पाला

आमच्या सोलापूरकडं आणि मराठवाड्यात धपाटे म्हणतात. पुण्या-सातारकडच्या सख्या थालीपीठ म्हणतील. त्यांच्याकडं भाजणी असते, म्हणजे धान्यं आणि डाळी वेगवेगळ्या भाजून एकत्र दळलेली. भाजणीचं थालीपीठ खमंग होतं यात वाद नाही, पण भाजायला अर्धा दिवस आणि दळणाची वाट बघायची. धपाट्याला घरात डब्यात असेल ते पीठ चालतं, म्हणून तो मला जवळचा.

पाच माणसांचं माप सांगते. साधारण शंभर ग्रॅम पीठ मावेल अशी वाटी घ्या. ज्वारीचं पीठ चार वाट्या, बेसन एक वाटी आणि गव्हाचं पीठ एक वाटी. ज्वारीला चिकटपणा कमी, नुसत्या ज्वारीचा धपाटा उलटताना मोडतो. बेसन आणि थोडा गहू तो धरून ठेवतात. बेसनाचं दुसरंही काम आहे. धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी असतं ते धान्यात. दोन्ही एकत्र खाल्लं की अंगाला जास्त लागतं. आपल्या आज्या-पणज्यांनी भाकरीबरोबर पिठलं काही उगाच धरलं नव्हतं.

ज्वारीचं पीठ ताजं असू द्या. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, कडा फाटतातच. आमच्याकडं मंगळवेढ्याची मालदांडी मिळते, तिची चव वेगळीच, पण रेशनच्या ज्वारीचेही चांगले धपाटे होतात. थंडीत निम्मी ज्वारी काढून बाजरी घाला. बाजरीत लोह ज्वारीपेक्षा जास्त असतं. फक्त बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणा, पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं. कोकणातल्या किंवा घाटावरच्या सख्यांकडं नाचणी असेल तर एक वाटी नाचणी घालावी. हाडांना लागणारं कॅल्शियम तिच्याइतकं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही.

आता पाला. हा भाग मनावर घ्या. पिठात दोन मोठ्या ओंजळी चिरलेला पाला गेला पाहिजे. मेथी, पालक, चाकवत, तांदुळजा, करडईची कोवळी भाजी, राजगिरा, जे परसात असेल ते. काहीच नसेल तर शेवगा. शेवग्याच्या शेंगा आपण विकतो आणि पाला शेळीला घालतो. शेळी आपल्यापेक्षा शहाणी ठरते त्यात. कोवळ्या डहाळ्या तोडा, देठावरून पानं ओरबाडून घ्या, दोन पाण्यांनी धुवा, फडक्यावर पसरून पाणी जाऊ द्या आणि मगच बारीक चिरा. ओला पाला तसाच घातला तर पीठ चिखल होतं. पोषण परसबागेत ज्यांनी शेवगा लावलाय त्यांना हा पाला बारा महिने फुकट आहे.

दोन कांदे बारीक चिरा. आठ-दहा लसूण पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, चमचाभर जिरं आणि मीठ खलबत्त्यात कुटून घ्या. लहान पोरं असतील तर मिरच्या दोनच घ्या, तिखट खाणाऱ्यांना ठेचा आहेच. हळद, अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, दोन चमचे तीळ.

मळणं आणि मोजणं

परातीत तिन्ही पिठं, कांदा, पाला, वाटण, तीळ-ओवा सगळं कोरडंच हातानं चोळून दहा मिनिटं झाकून ठेवा. कांद्याला आणि पाल्याला मिठानं पाणी सुटतं. ही दहा मिनिटं न थांबता पाणी ओतणाऱ्या बायका मी बघितल्यात. मग सैल झालं म्हणून पीठ, पिठूळ लागतं म्हणून मीठ, असं करत पाच जणांचं पीठ दहा जणांचं होऊन बसतं. दहा मिनिटांनी कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. घरात आंबट झालेलं ताक असेल तर पाण्याऐवजी तेच घाला. भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल हवं, बोट दाबलं की सहज खड्डा पडला पाहिजे. मळून झालं की फार वेळ ठेवू नका, अर्ध्या तासात तव्यावर गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा पाणी सुटतं.

आता ती जास्तीची पायरी.

तवा ठेवायच्या आधी सगळ्या पिठाचे गोळे करा. एवढ्या पिठाचे बारा होतात. गोळे परातीत मांडा आणि बोट ठेवून माणसं मोजा. घरधनी तीन, सासूबाई दोन, दोन पोरं दोन-दोन. झाले नऊ. राहिले तीन, ते आपले. शेतातलं काम दोघांचं सारखं असेल तर पोटही सारखंच धरायचं. तुमच्या घरी सात माणसं असतील तर दर माणसामागं वाटीभर पीठ वाढवा, पण मोजताना स्वतःवर बोट ठेवल्याशिवाय मोजणी पूर्ण झाली असं समजू नका. आपण गटात सही घेताना सगळ्या सदस्यांच्या घेतो, लिहिणारीची सही राहिली तर ठराव धरत नाही. तसंच हे.

दही आणि चटणीचंही तेच. पाच वाट्या मांडून आधीच वाढून ठेवा. भांडं मधे ठेवलं की शेवटी येणारीला भांडंच उरतं.

पहिल्या रविवारी मी बारा गोळे मांडले तेव्हा धाकट्यानं विचारलं, "हे तीन कुणाचे?" मी म्हटलं, "माझे." तो म्हणाला, "तू तीन खातीस?" दहा वर्षांच्या पोरानं आईला कधी तीन धपाटे खाताना बघितलेलंच नव्हतं.

थापणं आणि भाजणं

जुन्या सुती धोतराचं किंवा पंचाचं स्वच्छ फडकं घ्या. ओलं करून पिळा आणि पोळपाटावर पसरा. गोळा मधे ठेवून ओल्या बोटांनी मधून कडेकडे थापत जा, भाकरीहून थोडा जाड. मधे एक आणि भोवती चार भोकं पाडा. फडकं दोन्ही हातांनी उचलून धपाटा तापलेल्या तव्यावर पालथा घाला, फडक्याला वरून पाण्याचा हात लावा आणि हळूच सोडवा. काहीजणी दुधाच्या पिशवीवर थापतात. ते प्लास्टिक गरम तव्याजवळ न्यायचं, मला पसंत नाही.

भोकांत आणि कडेनं मिळून चमचाभर तेल पुरतं. झाकण ठेवून मध्यम आचेवर तीन मिनिटं. कडा आपोआप सुटल्या की उलटा, दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं. घाई करून उलटलात तर मोडणार. बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहिला तर आच मोठी आहे किंवा थापलाय जाड. चिवट झाला तर गहू जास्त पडलाय. तव्याला चिकटायला लागला तर अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासा, दोन-चार धपाटे बिनघोर निघतात.

थापायचं काम पोरांना द्या. फडक्यावर हात मारायला त्यांना आवडतं, आणि धपाटा म्हटल्यावर पाठीतला आठवून हसतातही. वाकडे झाले तर वाकडे खातील. आमच्या घरी आता थोरली थापते, मी तव्यावर असते, आणि घरधनी चटणी कुटतात. पहिल्यांदा त्यांनी लसूण न सोलताच घातला होता. ते असो.

धपाटा मी रविवारसाठी का निवडला तेही सांगते. भजी किंवा पुरी गरमच खावी लागते, म्हणून करणारी तव्यापाशी अडकते. धपाट्यात पाला, कांदा आणि तेल असतं, तो तासभर मऊ राहतो. दुरडीत फडकं घालून एकावर एक रचा, वरून झाका. बारा झाले की गॅस बंद, आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. तव्यावरचा पहिला धपाटा ताटात हवाच असं घरात कुणी म्हणालं तर पहिला द्या, पण दुसऱ्याला थांबायला सांगा. आमच्याकडं दोन रविवार कुरकुर झाली, तिसऱ्या रविवारी सासूबाईच म्हणाल्या, "ती येऊ दे, मग वाढा."

चटणी, लिंबू आणि चहा

चटणीला वाटीभर शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, लसूण, लाल तिखट आणि मिठाबरोबर तेल सुटेपर्यंत कुटा. माणशी मोठा चमचाभर तरी हवी, तरच ती मोजणीत येते. कांदा चिरून त्यावर लिंबू पिळा. पाल्यातलं आणि बाजरीतलं लोह अंगाला लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. लिंबू महाग झालं असेल तर पेरू किंवा आवळ्याची फोड चालेल.

चहा मात्र नाही. मला माहीत आहे, हे वाचून निम्म्या जणी पान उलटतील. पण चहा ते लोह अंगाला लागू देत नाही. सकाळचा चहा सातला झालेला असतोच. न्याहारीबरोबरचा कप तासभर पुढं ढकला, सोडा म्हणत नाही मी.

हे एवढं लोहाचं का लावलंय, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. चढावर दम लागतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि आपण म्हणतो कामानं होतंय. उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असेल तर कमी समजायचं. कमी निघालं तर नुसत्या धपाट्यांनी भरून येणार नाही, डॉक्टर आणि आशाताई सांगतील तशा लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील.

हिशेब

आमच्या बाजारच्या भावानं मी गेल्या महिन्यात मांडलेला हिशेब असा. ज्वारी ४०० ग्रॅम १६ रुपये, बेसन १०० ग्रॅम १० रुपये, गहू ४ रुपये, कांदे ६, तेल ९, अर्धा लिटर दुधाचं दही २०, शेंगदाणे १३, लसूण-मिरची-तीळ-ओवा-लिंबू मिळून ८. पाला परसातला. एकूण ८६ रुपये, म्हणजे माणशी सतरा-अठरा रुपयांत पोटभर. तुमच्याकडचे भाव घालून तुम्ही मांडा, आणि शेजारी पाच वडापाव आणि पाच चहाचा खर्च लिहा. दोन्हीत किती प्रकार पोटात जातात तेही लिहा. या न्याहारीत धान्य, डाळ, शेंगदाणे, दही, पालेभाजी आणि कांदा, असे सहा येतात. पिठात वाटीभर किसलेला लाल भोपळा घातला तर सात. दही परवडत नसेल त्या आठवड्यात पातळ ताक घ्या, पण पेलाभर घ्या.

या ८६ रुपयांत एक गोष्ट धरलेली नाही. उद्योगाच्या प्रशिक्षणात आपल्याला शिकवतात की मालाच्या किमतीत आपली मजुरी आणि इंधन धरा. घरातल्या हिशेबात ती कुणी धरत नाही, मीही धरली नाही. पण ज्या गटांना जत्रेत किंवा बाजारात धपाट्यांचा स्टॉल लावायचा आहे त्यांनी ती धरल्याशिवाय भाव ठरवू नये. गॅस, मजुरी, पानपत्रावळ, जागेचं भाडं, सगळं मांडा. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणीही लागते, त्याची माहिती कार्यालयात मिळेल.

उरलेले धपाटे प्रवासाला चांगले. एक दिवस टिकतात. जास्त टिकवायचे असतील तर त्यात कांदा घालू नका, पाला घालू नका, पाण्याऐवजी दुधात मळा. पंढरीच्या वाटेवरच्या शिदोरीत असेच कोरडे धपाटे असतात.

पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. वहीत शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: तारीख, किती केले, मी किती खाल्ले. चार रविवार भरा. आकडा खरा लिहा, एक असेल तर एक. त्या मावशींनी मला सांगून ठेवलंय की यावेळी पहिली वही त्या माझी तपासणार आहेत.